घरातील ध्वनिमुद्रण आणि ड्रायव्हरचे दुखणे

आपल्या मीरा-भाईंदर परिसरात गाणारी-वाजवणारी घरे पुष्कळ आहेत. कुणाकडे वडिलांची पेटी आहे, कुणाकडे ढोलकी, तर कुणाचा जुना बुलबुल कपाटावर धूळ खात पडलेला आहे. पूर्वी गाणे ध्वनिमुद्रित करायचे म्हणजे तासाच्या भाड्याने स्टुडिओ घ्यावा लागे आणि सगळी गायन पार्टी वाद्यांसह लोकलच्या लगेज डब्यातून न्यावी लागे. आता घरच्या संगणकाला काही हजार रुपयांचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकाच्या भाषेत बदलणारी एक छोटी डबी जोडली, की दोन खोल्यांच्या घरातही चांगले ध्वनिमुद्रण होऊ शकते. मात्र ही डबी आणून जोडल्यावर अनेकांचा पहिलाच अनुभव निराशेचा असतो. आवाज येतच नाही, आला तर तडतडतो किंवा उशिरा येतो. मग डबी खोक्यात परत जाते आणि गाणे राहून जाते. असे होऊ नये म्हणून, आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या लपवून न ठेवता, या दुखण्याचा थोडा अभ्यास येथे मांडत आहोत.

प्रथम आमची चूक सांगतो. आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध काका आहेत. तरुणपणी गिरणीची पाळी संपवून ते रात्ररात्र गायन पार्टीत गात. त्यांच्याकडे गाण्यांच्या तीन वह्या आहेत. वहीत शब्द आहेत, पण चाल कुठेच लिहिलेली नाही. ती फक्त त्यांच्या गळ्यात आहे. त्या चाली उतरवून ठेवाव्यात म्हणून आम्ही दोघा-तिघांनी एक इंटरफेस आणला, भाईंदर पूर्वेच्या एका खोलीत गोधड्या टांगल्या, आणि रात्री शेवटची लोकल गेल्यावर काकांना माइकसमोर बसवले. कानाला हेडफोन लावून काका गाऊ लागले आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. लय मागे पडे, शब्द ओढल्यासारखे येत. आमच्यातला एक तरुण न राहवून म्हणाला, "काका, ताल सुटतोय." काकांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, "बाळांनो, वय झालं आता. राहू द्या." ते घरी गेले. आम्हालाही तेच खरे वाटले.

ते खरे नव्हते. दोष काकांच्या वयाचा नव्हता, आमच्या संगणकातील एका निवडीचा होता. हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळले.

आता मूळ विषयाकडे येऊ. गायकाच्या तोंडून निघालेला आवाज माइकमध्ये जातो, तेथून इंटरफेसमध्ये. इंटरफेस त्या आवाजाची सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजणी करतो आणि ते आकडे यूएसबी वायरीतून संगणकाकडे पाठवतो. पण संगणकाच्या मुख्य प्रणालीला त्या डबीची भाषा येतेच असे नाही. मधे एक दुभाषी लागतो. त्या दुभाष्याचे नाव ड्रायव्हर. ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम जे ऐकतो ते या दुभाष्याच्या तोंडून, आणि गायकाच्या हेडफोनमध्ये जे परत जाते तेही याच्याच मार्फत. म्हणजे एका ओळीच्या गाण्यात दुभाष्याला दोनदा बोलावे लागते. तो मंद असला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

या दुभाष्याची काम करण्याची रीत समजण्यासाठी आपल्याकडचे पाण्याचे उदाहरण सोयीचे पडते. नळाला बारीक धार आहे आणि ते पाणी आत नेऊन मोठ्या पिंपात ओतायचे आहे. तुम्ही तांब्याने नेलेत तर पाणी पिंपात लवकर पोहोचते, पण फेऱ्या फार होतात. एखादी फेरी चुकली की तांब्या भरून वाहतो आणि पाणी जमिनीवर सांडते. हंड्याने नेलेत तर सांडण्याची भीती नाही, परंतु हंडा भरेपर्यंत पिंपात थेंबही पडत नाही. संगणकात या भांड्याला बफर म्हणतात. लहान बफर म्हणजे तांब्या, मोठा बफर म्हणजे हंडा. सांडलेले पाणी म्हणजे हेडफोनमध्ये येणारी तडतड, आणि हंडा भरण्याची वाट म्हणजे आवाजाचा उशीर. ड्रायव्हरची बहुतेक भांडणे या दोन टोकांमधली असतात. दोन्ही त्रास एकदम शून्य करण्याचा उपाय नाही. आपल्या संगणकाला झेपेल एवढे भांडे निवडायचे, एवढेच आपल्या हाती असते.

थोडा हिशेब करून पाहू. बफर २५६ चा असेल आणि मोजणी ४४,१०० ची असेल, तर एक भांडे भरायला सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात. जाताना एक, येताना एक, शिवाय इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ, असे धरून उशीर १५ मिलिसेकंदांच्या आसपास जातो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे हा उशीर पाच मीटरवर बसलेल्या ढोलकीवाल्याचा ठेका ऐकण्याइतका झाला. मंचावर एवढे अंतर असतेच आणि त्याने कुणाचा ताल सुटत नाही. बफर १०२४ चा केला तर एकच भांडे २३ मिलिसेकंदांचे होते, आणि जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास. येथे कसलेला गायकही अस्वस्थ होतो. विंडोजच्या नेहमीच्या जुन्या मार्गाने आवाज फिरवला तर उशीर शंभराच्याही पुढे जाऊ शकतो. शंभर मिलिसेकंद म्हणजे चौतीस मीटर. समोरच्या इमारतीवर आपटून येणारा आपलाच आवाज ऐकत गाण्यासारखे ते होते.

माणसाला स्वतःचा आवाज उशिराने ऐकवला तर त्याचे बोलणे अडखळते, शब्द लांबतात, हे १९५० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून माहीत झालेले आहे. सुमारे २०० मिलिसेकंदांच्या उशिराला हा परिणाम सर्वांत जास्त दिसतो. निरोगी तरुण माणूसही त्यात तोतरा होतो. हे वाचनात आले तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर काका उभे राहिले आणि आम्हाला आमचीच लाज वाटली.

आमच्या संगणकात झाले होते ते असे. इंटरफेसबरोबर मिळणारा कंपनीचा ड्रायव्हर आम्ही बसवलाच नव्हता. डबी जोडली, विंडोजने आपला सर्वसाधारण ड्रायव्हर लावला, आवाज आला आणि आम्ही खूश झालो. संगीताच्या कामाला लागणारा जलद मार्ग त्यात नव्हता. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली 'असिओ' नावाची एक पद्धत आणली. तिच्यामुळे प्रोग्राम विंडोजच्या आवाजाच्या नेहमीच्या फेऱ्यातून न जाता जवळजवळ थेट इंटरफेसशी बोलू शकतो. आज विंडोजवर गंभीरपणे ध्वनिमुद्रण करणारे बहुतेक लोक हाच मार्ग वापरतात. कंपनीचा असिओ ड्रायव्हर बसवून, प्रोग्रामच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडावा लागतो. बसवला आणि निवडला नाही, तर उपयोग शून्य. ही दुसरी पायरी विसरणारे आम्ही एकटेच नाही, असा आमचा अनुभव आहे.

कंपनीचा असा ड्रायव्हर मिळतच नसेल तर 'असिओ फॉर ऑल' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो स्वतः ड्रायव्हर नसून विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा होय. अडल्या वेळी तो उपयोगी पडतो. पण कंपनीचा चांगला ड्रायव्हर हाताशी असताना कुणी सांगितले म्हणून हा बसवू नये. दोन्ही एकाच डबीवर हक्क सांगू लागले की एकाला आवाज मिळतो आणि दुसरा मुका होतो. ॲपलच्या मॅक संगणकात ही भानगड पुष्कळ कमी आहे, कारण तेथे जलद मार्ग प्रणालीतच अंगभूत आहे.

आता डबी संगणकाला दिसतच नाही, या तक्रारीकडे वळू. येथे घाईने ड्रायव्हर काढण्या-घालण्याआधी वायर पाहावी. मोबाईलच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही वायरी फक्त वीज नेतात, आकडे नेत नाहीत. दिवा लागतो म्हणून आपल्याला वायर ठीक वाटते. मग डबी यूएसबी हबला न लावता थेट संगणकाला लावावी, आणि पुढच्या छिद्रात चालत नसेल तर मागच्या छिद्रात लावून पाहावी. एवढे करूनही दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तेथे नावापुढे पिवळा त्रिकोण दिसला तर बहुधा ड्रायव्हरचे दुखणे आहे असे समजावे. मग इंटरफेस काढून ठेवावा, जुना ड्रायव्हर पूर्ण काढावा, संगणक बंद करून चालू करावा, आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच नवा ड्रायव्हर घ्यावा. डबीच्या पोटाखाली मॉडेल आणि त्याची कितवी आवृत्ती ते लिहिलेले असते. एकाच नावाच्या दुसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीचे ड्रायव्हर वेगळे असू शकतात. कुठल्याशा भलत्या संकेतस्थळावरचा 'सर्व ड्रायव्हर एकाच ठिकाणी' देणारा प्रोग्राम मात्र चुकूनही घेऊ नये. त्यातून ड्रायव्हर मिळण्याऐवजी व्हायरस मिळण्याचा संभव अधिक.

कधी कधी डबी दिसते, ड्रायव्हर ठीक असतो, आणि तरी प्रोग्राममध्ये रेघ सपाटच राहते. तेव्हा विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोनची परवानगी बंद आहे का ते पाहावे. मॅकमध्येही अशीच परवानगी आहे. आणि कंडेन्सर माइक असेल तर इंटरफेसवरचे ४८ व्होल्टचे बटण दाबले आहे ना, हे आधी पाहावे. एकदा त्या बटणापायी आमची अख्खी संध्याकाळ गेली आहे. अधिक काय सांगावे.

जुनी डबी विकत घेणाऱ्यांसाठी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्यात कष्टाचा पैसा अडकतो. आपल्याकडची मुले स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जातात किंवा ओळखीने वापरलेला इंटरफेस घेतात. डबी वरून चकचकीत असते. पण तिचा ड्रायव्हर कंपनीने कधीच बंद केला असेल तर नव्या संगणकाला ती विटेसमान. म्हणून पैसे देण्याआधी त्या मॉडेलचा ड्रायव्हर आपल्या विंडोजसाठी आहे का हे मोबाईलवर पाहून घ्यावे. ज्या डब्या यूएसबीच्या सर्वमान्य ऑडिओ नियमांप्रमाणे बनवलेल्या असतात, त्या स्वतंत्र ड्रायव्हरशिवायही चालतात. त्या नियमांची दुसरी आवृत्ती विंडोजला स्वतःहून कळू लागली ती २०१७ साली, विंडोज दहाच्या १७०३ या आवृत्तीपासून. त्याआधीच्या विंडोजवर तशा डबीला कंपनीचा ड्रायव्हर लागतोच. विंडोज दहाचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अनेक घरांत विंडोज अकरा येत आहे. तेथे 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचे एक संरक्षण असते आणि ते काही जुन्या ड्रायव्हरना दारातच अडवते. ते संरक्षण बंद करून काम चालवण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. आमच्या मते तो शेवटचा उपाय असावा. ज्या संगणकावर घरातले बँकेचे व्यवहार होतात, त्यावर तर तो करूच नये.

तडतडीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माणसे तिलाच कंटाळून हात टेकतात. गाणे छान चालू असते आणि मधेच टक, टक असे आवाज येतात किंवा क्षणभर आवाज तुटतो. आपल्या उदाहरणाप्रमाणे कुठेतरी तांब्या भरून वाहिला. आता नेणारा माणूस उशिरा का आला? बहुधा तो दुसऱ्याच कामात गुंतला होता. संगणकात वाय-फाय, ब्लूटूथ, पडद्याचे ग्राफिक कार्ड या प्रत्येकाचा स्वतंत्र ड्रायव्हर असतो, आणि त्यांतला एखादा मधूनच प्रोसेसरला धरून बसतो. म्हणजे दोष इंटरफेसच्या ड्रायव्हरचा नसून शेजाऱ्याचा असतो. म्हणून पहिली परीक्षा सोपी ठेवावी : वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करून पाच मिनिटे गाऊन पाहावे. तडतड थांबली तर चोर सापडला. 'लेटन्सीमॉन' हा प्रोग्राम दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवला तर प्रोसेसरला कोणत्या ड्रायव्हरने किती वेळ धरले, हे फाइलच्या नावासकट दाखवतो.

त्यानंतर विजेच्या सेटिंगकडे जावे. लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करतो आणि वापरात नाही असे वाटलेले यूएसबी छिद्र झोपवतो. पॉवर ऑप्शनमध्ये 'हाय परफॉर्मन्स' निवडावे आणि 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावे. अँटिव्हायरसची तपासणी आणि विंडोजचे अपडेट ध्वनिमुद्रणाच्या वेळी चालू होणार नाहीत असे पाहावे. इतके झाल्यावर बफर १२८ वरून २५६, २५६ वरून ५१२ असा चढवत जावा, आणि तडतड जिथे थांबेल तिथे थांबावे. गाणे भरून झाल्यावर मिक्सिंगच्या वेळी उशिराची चिंता नसते. तेव्हा खुशाल १०२४ ठेवावा.

या सर्वांत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. आम्ही एका रात्री ड्रायव्हर बदलला, वायर बदलली, बफर वाढवला आणि वाय-फायही बंद केले. तडतड गेली, पण कशाने गेली ते आजतागायत कळलेले नाही. पुढच्या महिन्यात ती परत आली आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

अजून एक दुखणे आहे. ते लगेच लक्षात येत नाही म्हणून जास्त घातक. आमच्या पेटीवाल्या मित्राच्या बाबतीत ते घडले. आदल्या रात्री भरलेल्या गाण्यावर दुसऱ्या दिवशी तो पेटी भरायला बसला. गाणे काळी दोनमध्ये गायलेले होते, पण संगणकातून येत होते ते काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध, जिथे पेटीवर पट्टीच नाही. बिचारा आपलीच पेटी उतरली म्हणून भाता काढून पाहू लागला. कारण असे की इंटरफेस ४८,००० च्या मोजणीवर अडकलेला होता आणि प्रोग्राममधले गाणे ४४,१०० चे म्हणून नोंदलेले होते. मोजणी एका मापाने आणि वाचन दुसऱ्या मापाने झाले, तर चार मिनिटांचे गाणे ४ मिनिटे २१ सेकंदांचे होते आणि स्वर जवळजवळ दीड पट्टी खाली उतरतो. चित्रफितींचा आवाज बहुधा ४८,००० चा असतो आणि गाण्याच्या सीडीचा ४४,१०० चा, त्यामुळे एकाच संगणकावर दोन्ही कामे करणाऱ्यांच्या घरी हा घोटाळा होतो. ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आणि प्रोग्राममध्ये, दोन्हीकडे एकच आकडा आहे ना, हे पहिले गाणे भरण्यापूर्वी पाहावे. गाणे आधीच भरले गेले असेल तरी ते वाया गेले असे समजू नये. फाइलवर खरा आकडा नोंदवला की स्वर जागेवर येतो.

प्रत्येक त्रास ड्रायव्हरच्या माथी मारणेही बरोबर नाही. हेडफोनमध्ये सतत 'हूंऽऽ' असा एकसुरी घुमारा येत असेल तर तो बहुधा घरच्या ५० हर्ट्झ विजेचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. घुमारा गेला तर अर्थिंगचा प्रश्न आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवावे. घुमारा घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्यात जिवाला धोका आहे, तसे कदापि करू नये.

अपडेटचेही एक लिहून ठेवतो. कार्यक्रमाच्या किंवा ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी काहीही अपडेट करू नये. आमच्याकडे एकदा रात्रीतून विंडोजने परस्पर ड्रायव्हर बदलला आणि सकाळी कोरसची सहा मुले रविवारची झोप मोडून आली ती चहा पिऊन परत गेली. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डबीच्या 'ड्रायव्हर' पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' असे बटण असते. त्याने जुना ड्रायव्हर परत आणता येतो. बटण पुसट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजावे. म्हणून नीट चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवावी.

काकांकडे आम्ही पुन्हा गेलो. चूक आमची होती हे सांगितले, तरी पहिल्या वेळी त्यांनी नाहीच म्हटले. "तुमचं मशिन खरं बोललं की तुम्ही?" असे त्यांनी विचारले, आणि त्यावर आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते. शेवटी त्यांच्या नातीला आम्ही हेडफोन लावला आणि जुन्या सेटिंगवर एक कविता म्हणायला लावली. शाळेत बक्षीस मिळवणारी ती मुलगी दुसऱ्या ओळीला अडखळली. काका हसले आणि येतो म्हणाले.

या खेपेस कंपनीचा ड्रायव्हर होता, बफर २५६ वर होता, वाय-फाय बंद होते. शिवाय इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' नावाचे बटण असते; ते दाबले की गायकाचा आवाज संगणकात न जाता डबीतूनच थेट त्याच्या कानात परत येतो आणि उशीर जवळपास उरतच नाही. हे बटण पहिल्या रात्रीही तिथेच होते. मात्र ते दाबल्यावर प्रोग्राममधून येणारा तोच आवाज बंद करावा, नाहीतर गायकाला आपला आवाज दोनदा ऐकू येतो. काकांनी एक कान उघडा ठेवला आणि पहिल्या वहीतली नऊ गाणी दोन रात्रींत दिली. ताल कुठेही सुटला नाही. दुसऱ्या वहीतल्या दोन गाण्यांच्या अंतऱ्यांची चाल मात्र त्यांना आठवली नाही. ध्रुवपदे तेवढी भरून ठेवली आहेत. तिसरी वही अजून उघडायची आहे. इंटरफेसच्या पोटाखाली आम्ही एक कागद चिकटवला आहे : ४४,१००, २५६, असिओ, वाय-फाय बंद, डायरेक्ट मॉनिटर चालू.